वाचकांचे प्रश्न : पत्त्याला डाव ठाऊक नसतो

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा हात बसवायला कुठलं उदाहरण घ्यावं, या प्रश्नावर आम्ही गेल्या वेळी पत्त्यांचा कॅट सुचवला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. उत्तरं पायथन आणि जावा या दोन भाषा धरून दिली आहेत. क्लासची नावं मात्र मराठीत आहेत. पायथन ३ मध्ये आणि जावात अशी देवनागरी नावं खरोखरच चालतात, पण कॉलेजच्या जर्नलमध्ये हा प्रयोग करू नका, तपासणारा वैतागेल.

प्रश्न : मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये इनहेरिटन्स (मूळ क्लासवरून पोटक्लास बनवणं) दिसलं पाहिजे अशी अट आहे. म्हणून ‘पत्ता’ हा मूळ क्लास करून त्याखाली इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार क्लास केले आणि राजा-राणी-गुलामांसाठी ‘चित्रपत्ता’ हा पाचवा. आता बदामाची राणी कुठे बसवायची ते कळत नाही. (विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : राणी अडली हे बरंच झालं. एखादी वस्तू दोन खोक्यांत बसायला लागली की खोकीच चुकलेली असतात. पोटक्लास करायचा तो वागणूक बदलते तेव्हा. इस्पिकचा पत्ता किलवरच्या पत्त्यापेक्षा वेगळं काही करत नाही, त्याच्यावरचं चिन्ह तेवढं वेगळं. हा फरक माहितीतला आहे, म्हणून तो फील्डमध्ये ठेवायचा.

दोन इनम (ठरावीक नावांच्या याद्या) करा : ‘रंग’मध्ये इस्पिक, बदाम वगैरे चार नावं, ‘दर्जा’मध्ये एक्क्यापासून राजापर्यंत तेरा. ‘पत्ता’ क्लासला हीच दोन फील्ड, तिसरं नको. लाल की काळा हे वेगळं साठवू नका, ते रंगावरून मेथडने काढा. साठवलंत तर कधीतरी काळा बदाम तयार होईल आणि कंपायलर हूं की चूं करणार नाही.

पत्ता एकदा तयार झाला की बदलता येऊ नये. पायथनमध्ये फ्रोझन डेटाक्लास (३.७ पासून), जावात रेकॉर्ड (१६ पासून) वापरा. समानतेची तपासणी आणि हॅश (वस्तू चटकन शोधण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा) दोन्ही आयते मिळतात. हाताने लिहायला गेलात तर इथेच घसरण होते. पायथनमध्ये समानतेची मेथड लिहून हॅशची विसरलात, तर पत्ता सेटमध्ये (एकसारखी वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) घालताना ‘अनहॅशेबल’ अशी एरर येते. जावात काहीच येत नाही. हॅशसेटमध्ये पत्ता असतो, तरी विचारल्यावर ‘नाही’ असं उत्तर मिळतं. पहिली चूक पाच मिनिटांत सापडते, दुसरीत अख्खी रात्र जाते.

पाठवलेल्या कोडमध्ये तुम्ही पत्ता ‘ब९’, ‘इ७’ अशा स्ट्रिंगमध्ये ठेवून पहिलं अक्षर रंगाचं आणि दुसरं दर्जाचं मानलं आहे. दश्शी ‘ब१०’ होते, तिच्यातून फक्त ‘१’ उचलला जातो आणि दश्शीचा एक्का होतो. स्ट्रिंग फक्त छापण्यापुरती ठेवा.

राहिली इनहेरिटन्सची अट. ती ‘डाव’ या क्लासवर पुरी करा. पाच-तीन-दोन, बदाम सात, रमी यांचे नियम खरंच वेगळे आहेत, तिथे पोटक्लास शोभतात.

प्रश्न : पत्त्यांची तुलना करणारी मेथड ‘पत्ता’ क्लासमध्ये आहे. चवथीच्या सुट्टीत पाच-तीन-दोन लिहिला, छान चालला. तोच क्लास बदाम सातला लावला तर एक्का राजाच्या डोक्यावर जाऊन बसतो. एक्क्याला दोन किमती द्यायच्या का? (फोंडा)

उत्तर : एक्क्याचा काही दोष नाही. तुलनेची मेथड तिथून उचला. पत्त्याला स्वतःचा रंग आणि दर्जा माहीत असतो, पण आपण कुठल्या डावात आहोत हे त्याला कळायचं कारण नाही.

पाच-तीन-दोनचा एकच हात जवळून बघू. हुकूम इस्पिक. पहिल्याने किलवरची अठ्ठी उतरली. दुसऱ्याकडे किलवर नाही, त्याने बदामाचा एक्का टाकला. तिसऱ्यानेही किलवर नसल्यामुळे चौकटचा राजा टाकला. हात गेला अठ्ठीला. तिसऱ्याने राजाऐवजी इस्पिकची सत्ती टाकली असती, तर हात सत्तीचा. म्हणजे ‘एक्का मोठा की अठ्ठी’ याचं उत्तर दोन पत्त्यांकडे बघून देताच येत नाही. उतारीचा रंग आणि हुकूम या दोन गोष्टी आणखी लागतात, आणि त्या पत्त्याकडे नसतात, डावाकडे असतात.

म्हणून डावाच्या क्लासमध्ये ‘वजन’ नावाची मेथड लिहा. तिला तीन गोष्टी द्या : पत्ता, उतारीचा रंग, हुकूम. पत्ता हुकमाचा असेल तर २०० अधिक त्याच्या दर्जाची जागा. हुकमाचा नसून उतारीच्या रंगाचा असेल तर १०० अधिक जागा. बाकी सगळ्यांना शून्य. जागा म्हणजे त्या डावाच्या यादीतला क्रमांक. पाच-तीन-दोनला यादी सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का अशी, म्हणून ० ते ७. वर दिलेल्या हातात अठ्ठीला १०१, एक्क्याला ०, राजाला ०, आणि सत्ती आली असती तर तिला २००. सर्वांत जास्त वजनाचा पत्ता हात नेतो. हुकूम आधी तपासा. उतारीच हुकमाची झाली तरी मग वेगळी अट लागत नाही. शून्याशी शून्य बरोबरी झाली तरी बिघडत नाही, कारण उतारलेल्या पत्त्याचं वजन कधीच शंभराखाली नसतं.

बदाम सातमध्ये कोणी कोणाला मारतच नाही. तिथे लागतो शेजारी. यादी एक्क्यापासून राजापर्यंत लावा, प्रत्येक रंग सत्तीने उघडा आणि पुढचा पत्ता मांडलेल्या टोकांपासून एका जागेवर आहे का एवढंच बघा. म्हणजे एक्क्याला दोन किमती नकोतच, डावाला आपली यादी हवी.

मोह कुठे होतो तेही सांगतो. पायथनच्या डेटाक्लासला ‘क्रम लावून दे’ म्हणता येतं. ती सोय फील्ड ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने तुलना करते. रंग आधी लिहिला असेल तर आधी रंगच तोलला जातो. साध्या इनमला लहानमोठं कळत नसल्यामुळे निदान एरर तरी येते. जावाचा इनम मात्र नावं लिहिली त्या क्रमाने गुपचूप तुलना करतो, आणि ती मेथड फायनल असल्यामुळे बदलताही येत नाही. एक्का आधी लिहिला तर तो कायमचा लहान. जावात तुलनेसाठी डावाने आपला वेगळा कंपॅरेटर (दोन वस्तूंत लहान कोण ते सांगणारा ऑब्जेक्ट) द्यावा.

आणखी दोन डाव बघितले की शंका उरणार नाही. पोर्तुगालमधल्या सुएका या खेळात अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या काढून ४० पत्ते ठेवतात. त्यात सर्वांत मोठा एक्का, त्याखाली सत्ती, मग राजा, गुलाम, राणी आणि शेवटी छक्की ते दुर्री. होय, गुलाम राणीच्या वर. गुण एक्क्याला ११, सत्तीला १०, राजाला ४, गुलामाला ३, राणीला २. एका रंगाचे ३०, एकूण १२०. जिंकायला ६१ लागतात. इथे ताकद आणि गुण एकाच क्रमाने उतरतात, म्हणून दोन्ही एकाच कोष्टकात भरावंसं वाटतं. मग मेंढीकोट घ्या : सगळी धडपड दश्शीसाठी, पण दश्शीला गुलाम खातो. ताकदीचं कोष्टक वेगळं, गुणांचं वेगळं.

जाता जाता एक नावाची गफलत. इंग्रजी पुस्तकातला ‘हँड’ क्लास म्हणजे खेळाडूच्या हातातली पानं. आपण ‘हात’ म्हणतो ते टेबलावर पडून कोणीतरी ओढून नेतो त्याला. तुमच्या कोडमध्ये ‘हात’ दोन्ही अर्थांनी आला आहे. पहिल्याला ‘पाने’ म्हणा.

प्रश्न : पिसण्यासाठी मी लूपमध्ये प्रत्येक जागेवरचा पत्ता ० ते ५१ पैकी कुठल्याही जागेवरच्या पत्त्याशी बदलतो. मित्र म्हणतो हे चूक आहे. आउटपुट तर चांगलं पिसलेलं दिसतं. (म्हापसा)

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. बावन्न पत्त्यांत चूक डोळ्यांना दिसत नाही, तीन पत्त्यांवर दिसते. तीन जागा, प्रत्येक वेळी तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. तीन पत्त्यांचे क्रम मात्र ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही. त्यामुळे तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच वाटा येतात आणि तीन क्रमांच्या वाट्याला चार-चार. ६०,००० वेळा पिसून मोजा : प्रत्येक क्रम १०,००० च्या आसपास यायला हवा, शे-दोनशे इकडेतिकडे. तुमच्या पद्धतीने तीन क्रम ११,१०० च्या घरात आणि तीन ८,९०० च्या घरात येतील. हीच चाचणी प्रोजेक्टला जोडा, परीक्षकाला सांगायला मुद्दा होतो.

बरोबर पद्धत फिशर आणि येट्स यांची, १९३८ ची. संगणकावर चालणारं तिचं रूप रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये दिलं. शेवटच्या जागेपासून मागे या. जागा ५१ वर असाल तर ० ते ५१ मधून एक आकडा काढा आणि ते दोन पत्ते बदला. मग जागा ५० साठी ० ते ५०. असं जागा १ पर्यंत. एकदा मागे टाकलेल्या जागेला पुन्हा हात लावायचा नाही. तीन पत्त्यांसाठी वाटा ३ गुणिले २, म्हणजे नेमक्या ६.

यात आकडा स्वतःची जागा धरून काढायचा असतो. जागा ५१ साठी ‘० ते ५०’, ५० साठी ‘० ते ४९’ असं चुकून लिहिलंत तर एकही पत्ता कधीच आपल्या मूळ जागी राहणार नाही. तीन पत्त्यांत सहापैकी दोनच क्रम येतात. बावन्नांत मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि ‘यादृच्छिक उत्तर देणारा कंपॅरेटर देऊन सॉर्ट’ हा शॉर्टकट तर नकोच. सॉर्टला सुसंगत उत्तरं लागतात, ती मिळाली नाहीत तर वाटप वाकडं होतं, आणि जावात कधीकधी एक्सेप्शनही येतो.

दुसरा प्रश्न आकडे कुठून येतात याचा. बावन्न पत्त्यांच्या क्रमांची संख्या ६८ अंकी आहे. ते सगळे क्रम शक्य व्हायचे तर बीज (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून पुढचे सगळे आकडे बनतात तो) निदान २२६ बिटांचं हवं. जावाच्या साध्या रँडम क्लासचं ४८ बिटांचं असतं, म्हणून बहुतेक क्रम त्याच्यातून कधीच निघत नाहीत. घरच्या डावाला काही फरक पडत नाही. पैशांच्या डावाला पडतो. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या प्रोग्रॅममध्ये बीज म्हणून मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद वापरल्याचं उघड झालं. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणजे कॅटही तेवढेच. घड्याळ सर्व्हरशी जुळवल्यावर शक्यता दोनेक लाखांवर आल्या, आणि आपल्या हातातले दोन व टेबलावरचे तीन असे पाच पत्ते बघून उरलेले सगळे सांगता येऊ लागले. अशा ठिकाणी जावात सिक्युअररँडम, पायथनमध्ये सिस्टमरँडम.

आकडे देणारा ऑब्जेक्ट ‘पिस’ मेथडला बाहेरून द्या. चाचणीच्या वेळी ठरावीक बीज देऊन तोच डाव पुन्हा काढता येतो. आतच बनवलात तर ‘मघाशी एरर आली होती, आता येत नाही’ हे रडगाणं सुरू होतं.

प्रश्न : पायथनमध्ये शफल केल्यावर माझा कॅटच नाहीसा होतो. प्रिंट केला तर ‘नन’ (None) दिसतं. (साखळी)

उत्तर : शफल लिस्ट जागच्या जागी पिसते आणि परत काहीच देत नाही. तुम्ही तिचं उत्तर पुन्हा त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवलंत, म्हणून कॅट गेला. नुसतं शफल म्हणा, बरोबरचं चिन्ह काढा.

प्रश्न : रमीसाठी दोन कॅट एकत्र केले. कधीकधी खेळाडूकडे तेराऐवजी बाराच पत्ते येतात, दरवेळी नाही. शिवाय कापलेला जोकर बदलला तरी मागच्या डावातले पत्ते जोकरच राहतात. (मडगाव)

उत्तर : खेळाडूची पानं तुम्ही सेटमध्ये ठेवली आहेत. दोन कॅटांत बदामाची नव्वी दोनदा असते, दोन्ही एकाच्याच वाट्याला आल्या की सेट त्यांची एक करून टाकतो. म्हणून ‘कधीकधी’. लिस्ट वापरा. पत्त्याला कॅटचा नंबर चिकटवून सेट वाचवायला जाऊ नका. रमीत तीन-चार सारख्या दर्जाच्या पत्त्यांच्या जुळणीत एकच रंग दोनदा चालत नाही, आणि ते तपासताना दोन नव्व्या एकसारख्याच ठरायला हव्यात. पडद्यावर नेमकी कुठली नव्वी सरकवायची हा चित्राचा प्रश्न आहे, त्याची ओळख चित्राच्या कोडमध्ये ठेवा.

जोकरचं दुखणं फोंड्याच्या पत्रासारखंच. ‘जोकर आहे’ हे फील्ड तुम्ही पत्त्यात घातलं आणि डाव संपल्यावर पुसायचं राहिलं. अठ्ठी कापली गेली तर अठ्ठ्या जोकर होतात त्या याच डावापुरत्या. ‘हा जोकर आहे का’ असं डावाला विचारा. तो दोनच गोष्टी बघेल : पत्ता छापील जोकर आहे का, किंवा त्याचा दर्जा कापलेल्या पत्त्याचा आहे का. छापील जोकरला ना रंग ना दर्जा. त्याच्यासाठी ‘पत्ता’मध्ये रिकामी फील्ड ठेवलीत तर प्रत्येक मेथडला आधी ‘रिकामं तर नाही ना’ विचारावं लागेल. इथे वेगळा क्लास योग्य. मोजणीची चाचणीही लिहून ठेवा : दोन छापील जोकर धरून एकूण १०६.

प्रश्न : ‘कॅट’ क्लास थेट लिस्टपासून इनहेरिट केला. सगळ्या मेथड फुकट मिळाल्या. काही तोटा? (काणकोण)

उत्तर : फुकट मिळालेल्यांतच तोटा आहे. मधेच पत्ता घुसवणं, सॉर्ट करणं, तोच पत्ता दुसऱ्यांदा घालणं, सगळं बाहेरून करता येतं. जावाच्या जुन्या स्टॅक क्लासने व्हेक्टरपासून इनहेरिट करून हेच केलं, आणि आजही त्या स्टॅकच्या पोटातून वस्तू उपसता येते. लिस्ट आत खासगी ठेवा आणि बाहेर चारच मेथड द्या : पिस, काप, एक पत्ता दे, किती उरले. आतली लिस्ट बघायला द्यायची झाली तर तिची नक्कल द्या. कॅट संपल्यावर पत्ता मागितला तर रिकामं उत्तर न देता एक्सेप्शन फेका, नाहीतर ते ‘नन’ कोणाच्या तरी पानांत जाऊन बसतं आणि चार चाली उलटल्यावर प्रोग्रॅम पडतो.

पत्ता लिस्टच्या सुरुवातीचा काढावा की शेवटचा, यावर तुम्ही दोन परिच्छेद लिहिले आहेत. शेवटचा काढणं स्वस्त पडतं, पण बावन्न पत्त्यांत तो फरक कोणाला मोजताही येणार नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये ५२ पत्ते कोंबू नका, त्याला पत्त्यांची यादी बाहेरून द्या. पाच-तीन-दोन आणि सात-आठला ३० पत्त्यांचा कॅट लागतो : अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांचे २८, वर इस्पिक आणि बदामाची सत्ती. ही यादी बनवणं डावाचं काम.

प्रश्न : युनिकोडमधली पत्त्यांची चित्रं वापरली. गुलामापर्यंत ठीक, राणीच्या जागी घोडेस्वार येतो आणि राजाच्या जागी राणी. (वास्को)

उत्तर : त्या मांडणीत एक्का पहिला, गुलाम अकरावा, पण बाराव्या जागेवर नाइट आहे. युरोपातल्या काही कॅटांत तो असतो. राणी तेरावी, राजा चौदावा. सरळ बेरीज न करता गुलामापुढे एक जागा सोडा. जावात हे चिन्ह एका ‘कॅर’मध्ये (एका अक्षरासाठीच्या प्रकारात) मावत नाही, ते स्ट्रिंगमध्ये ठेवा.

प्रश्न : पलीकडे सावंतवाडीला गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बनतो. दशावतारी गंजिफ्याचा खेळ लिहायचा आहे. तुमचे हेच क्लास चालतील का? (पेडणे)

उत्तर : ‘कॅट’ चालेल, ‘पत्ता’ थोडा बदलावा लागेल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०. आधीच्या इनममध्ये भर घालून हे जमत नाही, कारण नावं असलेला इनम ना जावात वाढवता येतो ना पायथनमध्ये. दोन नवे इनम करा आणि ‘गंजिफापत्ता’ वेगळा लिहा, किंवा ‘पत्ता’ जेनेरिक करून रंग आणि दर्जाचे प्रकार बाहेरून द्या. दुसरं दिसायला देखणं, पहिलं वाचायला सोपं. आम्ही पहिलं घेऊ.

खरी गंमत क्रमाची आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत उलटं, प्रधानाखाली एक आणि तळाला दहा. म्हणजे दर्जाची जागासुद्धा रंग बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ‘जागा’ काढणाऱ्या मेथडला नुसता दर्जा देत असाल तर इथे अडकाल. तिला अख्खा पत्ता द्या, आत दोन याद्या ठेवा, रंगावरून यादी निवडा.

आणि पिसण्याचा लूप एकदा तपासा. तिथे ५१ हा आकडा हाताने लिहिलेला असेल तर फक्त पहिले ५२ पत्ते पिसले जातील. उरलेले ६८ बनवलेल्या क्रमानेच राहतील, आणि वाटणी लिस्टच्या शेवटून होत असल्यामुळे पहिले बाराही पत्ते कल्कीचेच निघतील.